पाटी हाती, वही पेढीवर

जुन्या पेढीवर दोन वस्तू नेहमी शेजारी असत : लाल कापडाची लांब वही आणि गादीवर ठेवलेले उतरते लाकडी डेस्क. लिहावयाचे असे तेव्हा वही डेस्कवर येई. कोणाला खाते दाखवावयाचे असे तेव्हा ती उचलून हातात घेतली जाई. पाहणे आणि लिहिणे ही दोन कामे निराळी असून त्यांना निराळी बैठक लागते, ही समज त्या साध्या मांडणीत होती. कीबोर्ड काढता-घालता येणारे छोटे टॅबलेट संगणक हीच विभागणी पुन्हा करतात. पडदा सुटा केला की ती दाखवण्याची पाटी होते. कीबोर्ड जोडला की ते लिहिण्याचे डेस्क होते.

व्यापारी कुटुंबाला हे यंत्र चटकन आवडते, त्याचे कारण उघड आहे. दुकानात माल दाखवणे, बाजारात ऑर्डर लिहिणे, घरी बिले पडताळणे आणि मुलांचा अभ्यास, ही सारी कामे एकाच पिशवीत मावतील असे वाटते. हे वाटणे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु याच यंत्रात पेढीचा हिशेबही ठेवावा काय, हा प्रश्न खरेदीच्या उत्साहात मागे पडतो. वस्तुतः तोच पहिला प्रश्न आहे. तो नीट सोडवावयाचा तर या यंत्राची रचना, त्याचा अल्प इतिहास आणि त्याच्या मर्यादा थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल.

रचना उलटी आहे

नेहमीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि बॅटरी हे सर्व कीबोर्डाखाली असते आणि पडदा हलका असतो. त्यामुळे लॅपटॉप मांडीवरही स्थिर राहतो. कीबोर्ड सुटणाऱ्या यंत्रात मांडणी उलटी आहे. सारे अवयव पडद्याच्या मागे असतात आणि खालचा कीबोर्ड पातळ, हलका असतो. वजन वर गेल्यामुळे पडदा उभा राहण्यासाठी मागे टेकण द्यावी लागते, किंवा कीबोर्डच जड करावा लागतो. मेजावर टेकण उत्तम काम देते. मांडीवर ती डळमळते. गादीवर मांडी घालून काम करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी दुकानात तसेच बसून टंकन करून पाहावे. संकोच वाटेल, पण पुढची गैरसोय टळेल.

कीबोर्ड जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत चुंबकाने कीबोर्ड चिकटतो आणि धातूच्या बारीक संपर्कबिंदूंतून वीज व माहिती दोन्ही वाहतात. अशा कीबोर्डाला सहसा वेगळे चार्जिंग लागत नाही. दुसरीत जोडणी ब्लूटूथने, म्हणजे बिनतारी होते. तो कीबोर्ड स्वतंत्रपणे चार्ज करावा लागतो आणि ऐन कामाच्या वेळी त्याची बॅटरी संपू शकते. पहिली पद्धत अधिक भरवशाची आहे. मात्र कापडाच्या दुकानातील तंतू, किराण्यातील पीठ आणि हळदीच्या आडतीतील धूळ त्या संपर्कबिंदूंवर बसते. आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून ते कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.

वजनाच्या बाबतीतही एक सूक्ष्म भेद आहे. जाहिरातीतील वजन बहुधा केवळ पडद्याचे असते. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ सालच्या १० इंची सरफेस गो या यंत्राचे वजन सुमारे ५२२ ग्रॅम. परंतु त्यात कीबोर्ड धरलेला नाही. ॲपलने २०२० मध्ये आणलेला मॅजिक कीबोर्ड १२.९ इंची आयपॅड प्रोला जोडला, तर दोहोंचे एकत्र वजन त्याच कंपनीच्या मॅकबुक एअर या पूर्ण लॅपटॉपाहूनही किंचित अधिक भरते. हलकेपणासाठी जे घ्यावयाचे, ते कीबोर्डासह हातात तोलून घ्यावे.

चेहरा एक, पोट वेगळे

कल्पना जुनी आहे. १९७२ मध्ये ॲलन के या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 'डायनाबुक' या पाटीसारख्या वैयक्तिक संगणकाचा आराखडा मांडला होता. त्या काळी तो प्रत्यक्षात आणणे शक्य नव्हते. २००२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने टॅबलेट पीसीची योजना आणली, तेव्हा कॉम्पॅकच्या टीसी १००० या यंत्राचा कीबोर्ड पूर्णपणे सुटा होत असे. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बोटाने चालणारी पाटी घरोघर परिचित झाली. २०११ मध्ये असूसने अँड्रॉइडवर चालणारा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याच्या कीबोर्डात दुसरी बॅटरी बसवलेली होती. कीबोर्ड जोडला की यंत्र अधिक तास चाले.

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी घटना पुढच्या वर्षीची आहे. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस विक्रीस आला. पडदा देखणा, मागे टेकण, चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड, आणि पडद्यावर सर्वांच्या ओळखीचे विंडोज. परंतु ते नेहमीचे विंडोज नव्हते. विंडोज आरटी नावाची ती आवृत्ती निराळ्या घडणीच्या प्रोसेसरवर चालत असे, आणि वर्षानुवर्षे वापरात असलेले विंडोजचे प्रोग्राम तिच्यावर बसवता येत नसत. चेहरा ओळखीचा, पण पोट निराळे. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला न खपलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरची घट हिशेबात दाखवावी लागली. त्याच वर्षी इंटेलचा प्रोसेसर असलेला सरफेस प्रो आला. त्यावर मात्र जुने प्रोग्राम चालत होते. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली तर सामान्य माणसाला फरक सहज कळला नसता.

नंतर स्वस्त यंत्रांची लाट आली. २०१३ मध्ये असूसचा टी १०० आणि २०१५ मध्ये आपल्याकडे मायक्रोमॅक्सचा १०.१ इंची कॅनव्हास लॅपटॅब. लॅपटॅबची किंमत १४,९९९ रुपये होती. यावर खरे विंडोज चालत असे. पण अंगी मेमरी २ जीबी आणि साठवण ३२ जीबी. विंडोजनेच त्यातील मोठा भाग व्यापल्यामुळे पुढे नवी आवृत्ती उतरवून घेण्यासही जागा पुरेना. म्हणजे एका ठिकाणी प्रोग्राम चालत नव्हते, तर दुसऱ्या ठिकाणी चालत असूनही जागा नव्हती. मालाचा वरचा थर पाहून पोते घेऊ नये, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. तेच येथेही लागू आहे.

टॅलीचे उदाहरण घेऊ. बंगळूर येथील ही कंपनी १९८६ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आपल्या असंख्य पेढ्यांचे हिशेब तिच्या प्रणालीत आहेत. टॅली हा विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे. आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅबलेटवर तो थेट बसवता येत नाही. तेथे फार तर ब्राउझरमधून अहवाल पाहता येतात किंवा इंटरनेटवरून पेढीचा संगणक उघडता येतो. अलीकडे स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज टॅबलेटही मिळतात. विंडोज आरटीची अडचण त्यांत पुष्कळशी दूर झाली असून अनेक जुने प्रोग्राम भाषांतर करून चालवले जातात. तरीही जुना बिल प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी उपलब्ध आहेत ना, याची खातरजमा आधी करावी.

गिऱ्हाईकापुढे आणि बाजारपेठेत

सुटी पाटी जेथे खरोखर शोभते ती जागा म्हणजे गिऱ्हाईकाची समोरची बाजू. साडीचे सर्व रंग दुकानात उलगडून ठेवता येत नाहीत. पाटीवर ते दाखवता येतात आणि गिऱ्हाईक स्वतःच्या बोटाने मोठे करून पाहते. सराफाच्या दुकानात घडवून घ्यावयाच्या दागिन्याचे नमुने, भांड्यांच्या दुकानात गोदामातील आकार, फरशीच्या दुकानात बसवलेल्या खोलीचे चित्र, या साऱ्याला कीबोर्डाची गरज नाही. कीबोर्ड काढून टाकला की यंत्र दोघांच्या मध्ये येते आणि व्यापारी पडद्याआड लपत नाही. संगणकामागे बसलेल्या माणसापेक्षा शेजारी उभा राहून दाखवणाऱ्या माणसाशी गिऱ्हाईक अधिक मोकळेपणाने बोलते.

खरेदीच्या फेरीतही त्याचा उपयोग आहे. काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये, सुरतच्या कापड बाजारात किंवा इचलकरंजीला गेलेला व्यापारी नमुन्याचे छायाचित्र काढून तेथेच दर व मीटर लिहून ठेवू शकतो आणि पेढीवर शिल्लक किती हे विचारून मगच ऑर्डर देऊ शकतो. परतीच्या गाडीत कीबोर्ड जोडून दिवसाची टिपणे नीट मांडता येतात. गोदामातील मालमोजणीच्या वेळी तर हातातील पाटी सर्वांत सोयीची. एकाने पोती मोजून आकडे सांगायचे, दुसऱ्याने कागदावर लिहायचे आणि तिसऱ्याने रात्री संगणकात उतरवायचे, या तीन पायऱ्यांत होणाऱ्या चुका एका पायरीवर येतात.

आकडे लिहिताना

लिहिण्याच्या बाजूस आलो की उणिवा दिसू लागतात. पहिली उणीव अशी, जी संगणक विकणारा क्वचितच सांगतो : १० ते १२ इंची यंत्राच्या कीबोर्डावर उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र गट नसतो. मुनीमजींचा उजवा हात याच गटावर न पाहता फिरतो. तो नसला की आकडे वरच्या ओळीत शोधावे लागतात, वेग निम्म्यावर येतो आणि शून्य कमी-जास्त होण्याचा धोका वाढतो. यावर सोपा उपाय आहे. आकड्यांचा सुटा छोटा कीबोर्ड वेगळा मिळतो. तो पेढीवर ठेवावा. ज्याला रोज शेकडो नोंदी करावयाच्या आहेत, त्याने मात्र पूर्ण आकाराचा कीबोर्डच वापरावा.

दुसरी उणीव जोडणीच्या छिद्रांची. अशा यंत्रांना बहुधा एक किंवा दोनच छिद्रे असतात आणि तीही नव्या टाइप-सी घडणीची. चार्जर, प्रिंटर, बारकोड वाचक, पेनड्राइव्ह आणि स्वाक्षरीचे टोकन ही मंडळी एकदम आली की रांग लागते. जोडणीचा हब घ्यावाच लागतो. त्याची किंमत यंत्राच्या किंमतीत आधीच धरावी.

तिसरी बाब आपल्या लिपीची. पडद्यावरील कीबोर्डावर देवनागरी अक्षरे दिसतात, त्यामुळे ज्येष्ठांनाही ती शोधून लिहिता येतात. परंतु पडदा आडवा धरला असता तो कीबोर्ड जवळजवळ अर्धी जागा व्यापतो. जोडलेल्या कीबोर्डावर जागा मोकळी होते, पण त्यावर बहुतेक वेळा केवळ रोमन अक्षरे छापलेली असतात. १९८६ मध्ये प्रमाणित झालेली इनस्क्रिप्ट मांडणी शिकण्यास कठीण नाही : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. घरातील एखाद्या मुलाने ती शिकली, तर ग्राहकांना दिवाळीचे पत्र आणि दुकानाची सूचना शुद्ध मराठीत निघू लागेल.

दुरुस्तीचा विचारही करावा. ही यंत्रे पातळ करण्यासाठी पडदा व बॅटरी अनेकदा चिकटवलेली असतात. २०१३ च्या सरफेस प्रोला दुरुस्तीसुलभतेत आयफिक्सिट या संस्थेने १० पैकी १ गुण दिला होता. नंतरच्या काही यंत्रांत सुधारणा झाली असली, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात उघडून दुरुस्त होईल अशी ही वस्तू नव्हे. दुकानात दिवसभर चार्जरला लावून ठेवल्याने आणि उष्णतेने बॅटरी लवकर थकते. कधी ती फुगून पडदा वर उचलते. चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय काही यंत्रांत असते, ती चालू करावी. फुगलेली बॅटरी दिसताच वापर तत्काळ थांबवावा.

वहीचा मुक्काम कोठे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वी दुकान वाढवताना वह्या कपाटात किंवा तिजोरीत जात. रोजमेळ आणि खतावणी पेढीचा उंबरठा सहसा ओलांडत नसत. यामागे केवळ परंपरा नव्हती. वहीत आपला नफा-तोटा असतो, त्याबरोबर इतरांचीही पत लिहिलेली असते. कोणाची उधारी किती महिने थकली आहे, कोणाला कोणता घाऊक दर दिला आहे, कोणी अडचणीच्या काळात किती रक्कम उचलली होती, हे त्यांनी विश्वासाने आपल्या हाती ठेवलेले असते. ती वही गाडीत विसरली, तर हानी आपल्या एकट्याची होत नाही.

छोटे यंत्र नेमके विसरले जाण्याजोगे असते. ते रिक्षात राहते, लग्नघरात हरवते, मुलाच्या हातून पडते. दुसरीकडे कायद्याची अपेक्षा कठोर आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांना १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. टॅबलेट हरवला, हे यावर उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून नियम असा असावा : हिशेब पेढीवरील संगणकात, किंवा विश्वासार्ह कंपनीच्या सर्व्हरवर राहावा, हातातील यंत्राने तो पाहावा आणि तेथेच नोंदवावा. पेनड्राइव्हवरून हिशेबाची प्रत टॅबलेटमध्ये घालणे आणि दोन्हीकडे नोंदी करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. आठवड्याभरात दोन वह्या तयार होतात, दोन्ही अपुऱ्या असतात, आणि खरी कोणती हे मुनीमजींनाही सांगता येत नाही.

लहान दुकानात दुसरा संगणक नसेल आणि हिशेब टॅबलेटमध्येच ठेवणे भाग असेल, तर चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. रोज दुकान वाढवताना बॅकअप घ्यावा. त्याची एक प्रत दुकानात आणि दुसरी घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत असावी. यंत्रातील माहिती कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची सोय चालू करावी आणि तिची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी; ती किल्ली हरवली तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येत नाही. हरवलेले यंत्र शोधण्याची व दुरून पुसण्याची सोय आधीच सुरू करून ठेवावी. आणि चौथे, तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

घरात एकच यंत्र

घरी आल्यावर हेच यंत्र सर्वांचे होते. मुलाचा पाठ, आजोबांचे प्रवचन, आईची पाककृती आणि दुपारच्या निवांत वेळी सुनेने किंवा मुलीने केलेली बिलांची पडताळणी, हे सारे एकाच पडद्यावर चालते. त्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येकाचा कप्पा वेगळा हवा. विंडोजमध्ये प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडता येते; अनेक अँड्रॉइड टॅबलेटमध्येही ती सोय आहे. घरगुती वापराच्या आयपॅडमध्ये असे निरनिराळे वापरकर्ते ठेवता येत नाहीत, म्हणून पेढीच्या आणि मुलांच्या कामासाठी तोच आयपॅड समाईक ठेवणे टाळावे. खेळ उतरवताना मुलाने नकळत दिलेली एक परवानगी आणि पडद्यावर झळकणारा बँकेचा ओटीपी यांची गाठ पडू देऊ नये.

घेण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि स्वाक्षरीचे टोकन याच यंत्रावर चालवून दाखवण्यास विक्रेत्यास सांगावे. तोंडी होकार पुरेसा मानू नये.

२. विंडोजचे यंत्र असेल तर मेमरी किमान ८ जीबी आणि साठवण किमान १२८ जीबी असावी. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ व ६४ जीबीची आहे. पण किमान म्हणजे पुरेसे नव्हे.

३. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते विंडोज ११ ला पात्र आहे काय ते पाहावे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

४. कीबोर्ड, पेन आणि हब किंमतीत धरले आहेत काय हे विचारावे. ते अनेकदा वेगळे विकले जातात. त्या विशिष्ट यंत्राचा कीबोर्ड दुसऱ्या यंत्राला बहुधा बसत नाही; म्हणून तो पुढेही मिळेल काय, हेही पाहावे.

५. जीएसटी क्रमांकासह पेढीच्या नावे बिल घ्यावे आणि सर्वांत जवळचे अधिकृत सेवाकेंद्र कोणत्या गावी आहे याची चौकशी करावी.

या पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर छोटे यंत्र अवश्य घ्यावे. ते गिऱ्हाईकापुढे मोकळेपणाने धरावे, बाजारपेठेत न्यावे, गोदामात फिरवावे आणि घरी मुलांनाही द्यावे. हिशेबाचा मुक्काम मात्र आधी ठरवून, तो लिहून, घरातील आणि पेढीवरील प्रत्येकास सांगून ठेवावा. यंत्र चार-पाच वर्षांनी बदलेल. वहीत ज्यांची पत लिहिलेली आहे ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच पेढीवर येत राहावयाची आहेत.